अण्णांचे आक्षेप

लाइट गेली म्हणून आमच्या कॉलनीत कुणी जागचं हलत नाही. इन्व्हर्टर ‘पीं पीं’ करायला लागला की मात्र पळापळ होते. कुणी त्याचं बटण दाबून बंद करतं, परत चालू करतं. कुणी वरून दोन थापट्या मारून बघतं. शेंडेफळ माहितीपुस्तिका शोधायला धावतं आणि ती सापडत नाही, कारण इन्व्हर्टरची ट्रॉली डुगडुगू नये म्हणून त्या पुस्तिकेचीच घडी करून चाकाखाली सरकवलेली असते. शेवटी घरातलं वडीलधारं माणूस सुस्कारा टाकतं, “अण्णांना बोलवा.” त्यावर आतून कुणीतरी घाईघाईने म्हणतं, “आधी मेकॅनिकला फोन लावून बघा ना!”

बिघाड कोण काढणार याबद्दल कुणालाच शंका नसते. धास्ती असते ती अण्णा बिघाडाबरोबर आणखी काय काय काढतील याची.

असे अण्णा प्रत्येक तालुक्याच्या गावी असतात. कुठे त्यांना नाना म्हणतात, कुठे भाऊ, कुठे नुसतंच ‘सर’. आमचे अण्णा बार्शीचे. त्यांची हयात गेली स्थानिक निधी लेखापरीक्षेत, म्हणजे नगरपालिका-ग्रामपंचायतींची दप्तरं तपासण्यात. विजेशी नोकरीत संबंध आला तो एवढाच, की ग्रामपंचायतींच्या दिवाबत्तीच्या बिलांवर त्यांनी लाल शाईने बरंच लिहिलं. निवृत्त झाले ते लोडशेडिंगच्या ऐन भरात. 2005 च्या जूनमध्ये वीज मंडळाच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या (लोक अजून ‘एमएसईबी’च म्हणतात) आणि त्याच सुमारास विजेचा तुटवडा असा काही वाढला, की घड्याळाऐवजी लोडशेडिंगवर कुकर लावायची वेळ आली. पुण्याने 2006 साली आपल्याकडच्या कारखान्यांची जनित्रं कामाला लावून, वर थोडे जास्त पैसे मोजून स्वतःपुरती सुटका करून घेतली. आमच्याकडे तसे कारखाने नव्हते आणि जास्त पैसे मोजायची सवयही नव्हती, म्हणून आम्ही इन्व्हर्टर घेतले.

पुढे ज्या फीडरवर गळती जास्त आणि वसुली कमी, त्या फीडरला अंधार जास्त, असा हिशेब सुरू झाला. ए पासून जी पर्यंत गट पडले. साऱ्या महाराष्ट्राने याला शिव्या दिल्या असतील, पण अण्णांना ही पद्धत मनापासून आवडली. अंधार आपल्या लेखाशीर्षाप्रमाणे वाटला जातोय, हे पाहून त्यांना सरकारबद्दल पहिल्यांदाच आदर वाटला.

अण्णा येतात ते पिशवी घेऊन. पिशवीत एक मल्टीमीटर, बॅटरीची ग्रॅव्हिटी बघायचा काचेचा हायड्रोमीटर, दांड्याला चिकटपट्टी गुंडाळलेला पान्हा, टॉर्च, व्हॅसलीनची डबी आणि एक लांबोडकं रजिस्टर. रजिस्टरात कॉलनीतल्या प्रत्येक बॅटरीचं पान आहे. दारात चप्पल काढतात, आत आल्यावर घड्याळ काढतात, बोटातली अंगठी काढून खिशात टाकतात. नवख्या माणसाला वाटतं, आता हे आंघोळीला बसणार. पण त्यात शहाणपण आहे. बॅटरीच्या दोन टोकांमध्ये धातूची अंगठी सापडली, तर बारा व्होल्टचा झटका बसत नाही हे खरं, पण करंट इतका वाहतो की अंगठी क्षणात लाल होते. खाली बोट असतंच. पान्ह्याच्या दांड्याला पट्टी आहे ती त्याचसाठी.

मग अण्णा खुर्चीत बसतात. इन्व्हर्टरकडे ढुंकूनही बघत नाहीत.

“घरात माणसं किती?”

“अण्णा, तो पीं पीं करतोय.”

“ते ऐकू येतंय. माणसं किती?”

बिघाड यंत्रात नसतो, घरात असतो, हा अण्णांचा सिद्धान्त आहे आणि त्याचा राग येतो तो याच कारणाने, की बहुतेक वेळा तो खरा निघतो.

मास्तरांच्या घरचं प्रकरण घ्या. तक्रार अशी, की इन्व्हर्टर एरवी तीन तास चालतो, पण संध्याकाळी मध्येच ओव्हरलोडचा लाल दिवा लावतो, बोंबलतो आणि बंद पडतो. थोड्या वेळाने चालू केला की पुन्हा गुणी बाळ. मेकॅनिक येऊन गेला होता. तो आला तेव्हा अर्थातच इन्व्हर्टर नीट चालत होता. त्यामुळे त्याने “कार्ड वीक झालंय” असं मोघम सांगून पुढच्या खर्चाची पेरणी करून ठेवली होती.

अण्णांनी रजिस्टर उघडलं आणि मास्तरांच्या सगळ्या कुटुंबाला हॉलमध्ये बसवलं. साडेआठशे व्हीएचा इन्व्हर्टर, म्हणजे फार तर सातशे वॉट ओढणार. बॅटरी दीडशे एएच, बारा व्होल्ट. गुणाकार अठराशे. पंखे दोन, पंचाहत्तरचे. जुन्या ट्यूबलाइट दोन, चोक धरून पन्नास-पन्नास. टीव्ही शंभर. सेट टॉप बॉक्स आणि राउटर मिळून पंचवीस. बेरीज पावणेचारशे. अठराशेला पावणेचारशेने भागलं, तर कागदावर पावणेपाच तास. घट, झीज आणि वहनखर्च वजा जाता तीन-सव्वातीन. “म्हणजे बॅटरी तुमची निर्दोष आहे,” अण्णा म्हणाले. मास्तरांनी बॅटरीवर कधी संशय घेतलाच नव्हता, तरी त्यांचा चेहरा उजळला.

“आता सांगा, बंद नेमका केव्हा पडतो?”

“संध्याकाळी.”

“संध्याकाळ चार तासांची असते, मास्तर.”

साडेसात ते आठ असं निघालं. हॉलमध्ये एकदम शांतता पसरली. मास्तरांच्या सूनबाई, धाकट्या वहिनी, नखाने टेबलाची कड खरवडायला लागल्या. अण्णा उठले, टॉर्च लावला आणि टीव्हीच्या बोर्डापासून निघालेल्या एका पांढऱ्या वायरीचा माग काढत निघाले. वायर शोकेसच्या मागून, दिवाणाखालून, पायपुसण्याच्या खालून आणि दाराच्या फटीतून स्वयंपाकघरात जात होती. तिथे ओट्यावर, धुतलेल्या फडक्याने झाकलेला, साडेपाचशे वॉटचा मिक्सर.

पावणेचारशे अधिक साडेपाचशे. शिवाय मोटर सुरू होताना घेते तो उसळीचा करंट वेगळाच. मास्तर ओरडण्याच्या बेतात होते, तेवढ्यात वहिनीच म्हणाल्या, “मग काय करू अण्णा? लाइट जाते साडेसातला, जेवायला पानं हवीत साडेआठला. पाटा काढून वाटत बसू का घामाच्या धारा पुसत? इथे पंखासुद्धा नाही.”

अण्णांनी वर पाहिलं. पंखा होता. पण तो इन्व्हर्टरच्या लाइनवर नव्हता. हे सगळीकडे असंच आहे. वायरमन येतो, विचारतो, “कुठले पॉइंट घ्यायचे?” आणि घरातला कर्ता पुरुष बोट दाखवत फिरतो. हॉलचा पंखा, हॉलची ट्यूब, टीव्ही, आपली बेडरूम, पोराच्या अभ्यासाची खोली. स्वयंपाकघराला एक दिवा, तोही बाई बोट कापून घेईल म्हणून. घरात कुणाचं किती चालतं, हे जाणून घ्यायला रेशनकार्ड पाहू नये, इन्व्हर्टरची लाइन पाहावी, असं माझं मत झालंय. अण्णांच्या मागे मागे फिरून झालंय.

ते ओट्याला टेकून रजिस्टरात लिहीत होते. मास्तर आशेने शेजारी उभे होते. सुनेवर आक्षेप निघणार, म्हणजे बायकोपुढे आपली बाजू वर. अण्णांनी लिहिलेलं मोठ्याने वाचलं: “मागणी रास्त. तरतूद शून्य. स्वयंपाकघरातील पंखा इन्व्हर्टरच्या लाइनवर घेण्यात यावा. मिक्सर चालू असताना टीव्ही, सेट टॉप बॉक्स, बाकीचे दोन्ही पंखे व एक ट्यूब बंद ठेवण्यात यावीत. वाटण दोन मिनिटांचे हप्ते पाडून करावे. पूर्तता आठ दिवसांत.”

“पण अण्णा, साडेसातला बातम्या असतात.”

“चटणी का बातम्या, ते तुम्ही ठरवा. दोन्हींची बेरीज बसत नाही.”

डॉक्टरांच्या घरचं कोडं वेगळं होतं. त्यांच्याकडे शेजारीपाजारी लख्ख उजेड असताना इन्व्हर्टर बॅटरीवर चालायचा आणि खरोखर लाइट गेली की काही मिनिटांत मान टाकायचा. डॉक्टरांनी स्वतःच निदान केलं होतं: बॅटरी संपली. नवीन आणायचीही तयारी होती. अण्णांनी भिंतीवरच्या प्लगमध्ये मल्टीमीटर घातला. एकशे पासष्ट व्होल्ट. उन्हाळ्यात, शेतीपंप सुरू असताना आमच्याकडे व्होल्टेज असंच गुडघे टेकतं. इन्व्हर्टरच्या पाठीमागे एक बारकंसं सरकतं बटण असतं, त्याच्या एका बाजूला ‘यूपीएस’ आणि दुसऱ्या बाजूला ‘नॉर्मल’. यूपीएसवर ठेवलं की यंत्र चोखंदळ होतं. साधारण एकशे ऐंशीच्या खालची वीज ते वीज मानतच नाही, थेट बॅटरीवर उडी मारतं. कॉम्प्युटर बंद पडू नये म्हणून ही सोय. नॉर्मलवर ठेवलं की शंभर-सव्वाशे व्होल्टसुद्धा गोड मानून घेतं. डॉक्टरांच्या मुलाने गेम खेळताना कॉम्प्युटर बंद पडतो म्हणून ते बटण कधीतरी सरकवलं होतं. बॅटरी बिचारी दिवसभर उपसली जायची आणि रात्री लोकांना वाटायचं की म्हातारी झाली.

बटण सरकवायला एक बोट आणि एक सेकंद लागतो. अण्णांनी त्याआधी दीड तास मुलाची उलटतपासणी घेतली.

बाकीची प्रकरणं किरकोळ. कुणाच्या बॅटरीच्या टोकावर पांढरी-हिरवट बुरशी धरलेली असते. वायरीची पकड सुटते, चार्जिंग होत नाही, वायर मात्र गरम होते. गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या दातघासणीने घासायचं, पण पाण्याचा थेंब झाकणातून आत जाऊ द्यायचा नाही, कोरडं करून नट आवळायचा आणि वर व्हॅसलीन. या कामासाठी अण्णा सोडा ज्याच्या त्याच्या घरचाच वापरतात, त्यामुळे त्या संध्याकाळी भज्यांचा बेत रद्द होतो. कुणाकडे झाकणावरचे फ्लोट तळाला गेलेले असतात आणि मालक म्हणतो, “परवाच पाणी घातलं ना!” परवा म्हणजे दिवाळीच्या आधी. काय घातलं, हा पुढचा प्रश्न. बोअरचं पाणी घालणारे आता उरले नाहीत, पण फिल्टरचं घालणारे आहेत. त्याहून हुशार म्हणजे एसीतून ठिबकणारं पाणी बादलीत साठवून घालणारे. ते डिस्टिल वॉटरच असतं असा त्यांचा दावा असतो. अण्णा त्या बादलीत टॉर्च मारून तळाशी बसलेला एसीच्या जाळीचा मळ दाखवतात आणि काही न बोलता रजिस्टरात लिहितात. आमच्या कॉलनीत लोक न बोलता लिहिणाऱ्या अण्णांना सगळ्यांत जास्त घाबरतात.

एकाच बाबतीत मी अण्णांना ओरडताना ऐकलंय. समोरच्या घरातला मुलगा मेन स्विच बंद करून पंख्याचा रेग्युलेटर बदलायला निघाला होता. मेन बंद केला की इन्व्हर्टरला वाटतं, लाइट गेली. तो कर्तव्यदक्षपणे त्याच वायरीत दोनशे तीस व्होल्ट सोडतो. हे मेन बंद करणाऱ्याच्या डोक्यातच येत नाही. अण्णांनी रस्त्यावरूनच आरडाओरडा करून त्याला स्टुलावरून खाली उतरवलं, आत जाऊन इन्व्हर्टर बंद केला, आउटपुटचा प्लग काढला, टेस्टर लावून दाखवला आणि मग दम टाकला. त्या दिवशी रजिस्टर उघडलं नाही.

खंडेनवमीला मात्र दरवर्षी त्यांचा आणि कॉलनीच्या धर्मबुद्धीचा झगडा होतो. त्या दिवशी विळी-कोयत्यापासून स्कूटरपर्यंत सगळ्यांची पूजा होते, तर इन्व्हर्टरने काय घोडं मारलंय? हळदकुंकू, झेंडू, आपट्याची पानं दुसऱ्या दिवशीसाठी बाजूला ठेवलेली, आणि मग ट्रॉलीखालच्या बॅटरीपुढे तेवती निरांजनं आणि उदबत्त्या. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि तो ठिणगीची वाटच बघत असतो. अण्णा सकाळीच फेरी काढतात.

“हळदकुंकू चालेल. फूल चालेल, झाकणाच्या भोकावर नको. ज्योत नको.”

“मग ओवाळायचं कशानं, अण्णा?”

“टॉर्चने.”

आमच्याकडे आता टॉर्चनेच ओवाळतात. एका आजींनी तर त्या टॉर्चलाही हळदकुंकू लावून ठेवलंय.

इन्व्हर्टरच्या डब्याच्या आत अण्णा हात घालत नाहीत. तिथे मेकॅनिकचं राज्य सुरू होतं. आमचा मेकॅनिक म्हणजे पोरगेलासा, एका कानात फोनची गुंडी घातलेला. डबा उघडला की आतल्या सर्किटला तो ‘कार्ड’ म्हणतो आणि निम्म्या वेळा ते ‘गेलं’ म्हणून सांगतो. एकदा उरलेल्या निम्म्यांतली पाळी आली. आत दोन टोकांच्या मध्ये चिकटून वाळलेली पाल निघाली. त्याने ती चिमट्याने काढली आणि अण्णांकडे पाहिलं. बिघाड घरात नव्हता, यंत्रात होता. अण्णांनी थोडा विचार केला. “पाल आली कुठून? घरातूनच ना?”

दुकानदाराशी अण्णांचं युद्ध वॉरंटीवरून. प्रत्येक बॅटरीची कार्डं त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत लावून ठेवली आहेत, शिक्का आणि तारखेसकट. पहिले काही महिने बॅटरी गेली तर नवी मिळते. त्यानंतरच्या काळात टक्केवारीने सूट, तिला ‘प्रोरेटा’ म्हणतात. ही सूट छापील किमतीवर मिळते, आणि छापील किमतीला बॅटरी तर कुणीच विकत घेत नाही, दुकानात ती तशीही स्वस्तच मिळते. म्हणजे सूट घेऊन बॅटरी जेवढ्याला पडते, सूट न घेता त्याहून फारशी महाग पडत नाही. ही गंमत सामान्य माणसाला घरी आल्यावर कळते. अण्णांना दुकानातच कळली. त्यांनी तिथेच, गिऱ्हाइकांसमोर, त्याच्याच बिलबुकाच्या मागच्या बाजूला तक्ता मांडून दाखवला. दुकानदार आता त्यांना पाहिलं की आधी चहा मागवतो.

एवढ्या साऱ्यांची घरं तपासणाऱ्या अण्णांचं स्वतःचं घर? तिथे अंधार असतो. इन्व्हर्टर बिघडलेला नाही, त्याची प्रकृती कॉलनीत सर्वांत ठणठणीत. पाणी रेषेवर, टोकं आरशासारखी, ग्रॅव्हिटी बाराशे पन्नास. लाइट गेली की अण्णा उठतात आणि घरातले सगळे पंखे, दिवे आपल्या हाताने बंद करतात. बॅटरी वाचली पाहिजे. कशासाठी, हे विचारायची हिंमत काकूंनी फार वर्षं केली नाही. त्या मेणबत्ती लावून, पदराने वारा घेत, भरलेल्या बॅटरीशेजारी बसायच्या.

मग त्यांच्याकडे एकदा पाहुण्यांसमोर लाइट गेली. लाजेकाजेस्तव अण्णांनी पंखा लावू दिला. बॅटरीने अर्ध्या तासात ‘पीं पीं’ सुरू केलं. मेकॅनिक आला, एकेका कप्प्याची ग्रॅव्हिटी बघितली, लोड लावून बघितला, आणि अतिशय अदबीने, गुंडी कानातून काढून म्हणाला, “अण्णा, बॅटरी वापरलीच नाही तुम्ही. नुसती भरून ठेवली. महिन्यातून एकदा तरी उतरवायला पाहिजे ना! वरचेवर भरत राहिलं की आतून खलास होते.”

अण्णा गप्प. काकूंनी पुढे होऊन रजिस्टर ओढलं आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं. काय लिहिलं ते अण्णांनी कुणाला दाखवलेलं नाही. पण तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांच्या घरचा मेन बंद होतो, तीनही पंखे पाचावर फिरतात, टीव्ही मोठ्यांदा चालतो आणि काकू शेजारच्या बायकांना सांगतात, “आज आमच्याकडे तांत्रिक काम आहे, या बसायला.”

आता काळ बदलला. 2012 च्या अखेरीस ए ते डी गटांचं लोडशेडिंग बंद झाल्याची घोषणा झाली. पुढे वादळवाऱ्याने, रोहित्र जळाल्याने वगैरे लाइट जाते, पण तिचं वेळापत्रक राहिलं नाही. पंखे आले तेही पंचाहत्तरऐवजी तीसएक वॉटमध्ये फिरणारे. अण्णांच्या रजिस्टराची पानं कोरी जायला लागली. त्यात गेल्या उन्हाळ्यात कोपऱ्यावरच्या बंगल्यात पुण्याहून परतलेल्या जोडप्याने लिथियम बॅटरीचा इन्व्हर्टर बसवला. भिंतीवर टांगलेला, पांढरा, पातळ. अण्णा बोलावण्याची वाट न बघता गेले. मीही गेलो.

“पाणी कुठून घालायचं याच्यात?”

“लागत नाही काका.”

“ग्रॅव्हिटी?”

“नसते.”

“टोकं?”

“आत असतात. सील आहे.”

मुलाने मोबाइल काढून दाखवला. पडद्यावर हिरव्या अक्षरांत शंभर टक्के. अण्णांनी चष्मा वर केला, खाली केला. पिशवीतला हायड्रोमीटर पिशवीतच राहिला. मला वाटलं, आता हे उठतील. मुलालाही तसंच वाटलं असावं, कारण तो उगाचच म्हणाला, “दहा वर्षं बघायला नको, काका.”

“बसवून किती दिवस झाले?”

“दोन महिने.”

“आणि लाइट किती वेळा गेली?”

मुलाने बायकोकडे पाहिलं. बायकोने मोबाइलमध्ये पाहिलं. दोघांनी मिळून मान हलवली. एकदाही नाही.

अण्णांनी समाधानाने पेनाचं टोपण काढलं, कोऱ्या पानावर तारीख घातली आणि विचारलं, “खरेदीला मंजुरी कुणाची होती?”